पहिल्या वारीची पूर्वतयारी : वैद्याच्या दृष्टीतून

ज्येष्ठ महिना लागला की आपल्यापैकी बहुतेकांच्या चिकित्सालयात एक ठरावीक व्यक्ती येऊ लागते. तिला रोग असा काही नसतो. "यंदा पहिल्यांदाच वारीला निघतोय डॉक्टर, पायांना काही तेलबिल द्या," एवढेच तिचे म्हणणे असते. प्रस्थानाला सात-आठ दिवस उरलेले असतात. आपणही महानारायण तेलाची बाटली, कुटजघनवटीची पुडी आणि थोडे शुंठीचूर्ण हाती ठेवतो, माउलींना नमस्कार सांगा म्हणतो आणि पुढच्या रुग्णाकडे वळतो. आम्हीही सुमारे पंधरा वर्षे हेच करीत आलो. त्यात काही उणे आहे असे २०२२ सालापर्यंत आम्हाला वाटले नव्हते.

२०२० आणि २०२१ ही दोन वर्षे महामारीमुळे पायी वारी झाली नाही. पादुका बसमधून पंढरपुरास गेल्या. त्यामुळे २०२२ च्या आषाढीला, पूर्वी कधीही न चाललेली पुष्कळ मंडळी निघाली. त्यांत आमच्या गावचे एक किराणा दुकानदार होते. वय बावन्न, अंगकाठी कृश, मधुमेहाचे निदान होऊन बारा वर्षे झालेली. थोरले बंधू करोनातून उठले म्हणून त्यांनी अनवाणी वारीचा नवस केला होता. प्रस्थानापूर्वी आठ दिवस ते आले आणि म्हणाले, "अनवाणी चाललं तर चालेल ना डॉक्टर? घरचे नको म्हणतात."

आम्ही त्या दिवशी मोठ्या उत्साहात होतो. सुश्रुताचार्यांनी चिकित्सास्थानाच्या अकराव्या अध्यायात निर्धन प्रमेह्याला जे सांगितले आहे ते आम्ही त्यांना सविस्तर ऐकविले. पायांत पादत्राण नाही, डोक्यावर छत्र नाही, भिक्षेवर निर्वाह, एका गावी एकच रात्र मुक्काम आणि अशा रीतीने शंभर योजने किंवा त्याहून अधिक चालणे. हे तर वारीचेच वर्णन आहे, असेही आम्ही म्हणालो. योजनाचे मान निरनिराळे सांगितले जाते. पण कोणतेही धरले तरी आळंदी ते पंढरपूर हे सुमारे २५० किलोमीटर त्याच्या आतच बसतात. दुकानदार प्रसन्न मुद्रेने उठले. त्यांच्या पायांना आम्ही हातही लावला नव्हता.

लोणंदच्या मुक्कामी त्यांच्या शेजारी निजलेल्या वारकऱ्याला पहाटे घोंगडीवर रक्ताचा डाग दिसला. उजव्या पायाच्या अंगठ्याखाली खडा रुतून जखम झाली होती आणि ती किती दिवसांची आहे हे त्यांना स्वतःला सांगता येईना. दुखत नव्हते ना! फलटणहून त्यांना परत आणले तेव्हा पाऊल सुजून लाल झाले होते. शहरातील शल्यचिकित्सकांनी पाऊल वाचविले; अंगठा मात्र काढावा लागला. पुढे ते आम्हाला भेटावयास आले, तेव्हा त्यांनी एका शब्दानेही दोष दिला नाही. "तुम्ही ग्रंथातलं सांगितलंत म्हणून धीर आला होता," एवढेच ते म्हणाले. ते वाक्य आम्हाला फार दिवस पुरले.

त्या रात्री सुश्रुतसंहिता पुन्हा उघडली. निर्धनाला शंभर योजने चालावयास सांगून झाल्यावर, इतरांना नांगरणे, विहीर खणणे अशी कष्टाची कामे सांगून झाल्यावर, त्याच ओघात आचार्य बजावतात की कृश रुग्णाचे मात्र सतत रक्षण करावे. हे वाक्य आम्ही विद्यार्थिदशेत वाचलेले होते. चरकाचार्य निदानस्थानात प्रमेहाच्या पूर्वरूपांत हातापायांची सुप्तता आणि दाह सांगतात, हेही परीक्षेत लिहिलेले होते. म्हणजे शास्त्र अपुरे पडले नाही. आम्ही सोयीचे वाक्य घेतले आणि पुढचे सोडले.

प्रस्तुत लेख त्या चुकीतून आणि पुढील वर्षी आम्ही स्वतः केलेल्या पहिल्या वारीतून लिहिला आहे. पंधरा वर्षे इतरांना वारीचे पथ्य सांगणाऱ्याने ती वाट एकदाही चाललेली नसावी, हे आम्हाला शोभेना.

प्रथम काळाचा विचार. वाग्भटांच्या मासगणनेनुसार चैत्र-वैशाख हा वसंत आणि ज्येष्ठ-आषाढ हा ग्रीष्म. सुश्रुतांनी शोधनाच्या दृष्टीने सांगितलेल्या क्रमात आषाढ-श्रावण हा प्रावृट्. ज्येष्ठ वद्य अष्टमीला आळंदीहून प्रस्थान होते आणि आषाढ शुद्ध एकादशीला पंढरपूर गाठलेले असते. म्हणजे हे अठरा-एकोणीस दिवस ऋतुसंधीचे होत. शरीरबल वर्षभरात सर्वांत क्षीण, अग्नी मंद, वात संचयाकडून प्रकोपाकडे निघालेला. अशा काळात अतिश्रम, ऊन आणि नदीचे पाणी वर्ज्य करावे असे ऋतुचर्या सांगते आणि वारीत ही तिन्ही ठरलेली असतात. ही विसंगती आपण रुग्णापुढे झाकू नये. वारीला जाऊ नका असे सांगण्याचा अधिकार आपल्याला नाही आणि सांगितले तरी कोणी ऐकणार नाही. मात्र ज्या काळात बल मिळविता येत नाही त्या काळासाठी ते आधी साठवावे लागते, हे आपण सांगू शकतो.

अर्धशक्ती व्यायाम शीतकाळी आणि वसंतात करावा, अन्य वेळी त्याहून कमी, हा वाग्भटांचा नियम येथे तंतोतंत लागू पडतो. म्हणून पहिल्या वारीची तयारी गुढीपाडव्याला सुरू व्हावी. निदान अक्षय्य तृतीया तरी चुकू नये. अधिक मास नसेल तर तेथून प्रस्थानापर्यंत सुमारे पन्नास दिवस हाती राहतात. आरंभी सूर्योदयापूर्वी अर्धा तास चालणे पुरे. कपाळावर, नाकावर, काखेत घाम येणे, तोंडास कोरड पडणे आणि तोंडाने श्वास घ्यावा लागणे, ही अर्धशक्तीची मर्यादा. तेथे थांबावयाचे. घड्याळापेक्षा हे माप आम्हाला अधिक विश्वसनीय वाटते, कारण ते प्रत्येकाच्या शरीराचे वेगळे असते आणि आठवड्या-आठवड्याने पुढे सरकताना दिसते. वैशाखअखेरीस एका दमात दहा किलोमीटर साधले म्हणजे समाधान मानावे. ज्येष्ठात अंतर वाढविण्याचा हव्यास नको. त्याऐवजी आठवड्यातून एकदा लागोपाठ दोन दिवस बारा-पंधरा किलोमीटर चालून पाहावे. एक दिवस खूप चालणे नवख्यालाही जमते. दुसऱ्या दिवशी पहाटे उठून त्याच पायांवर पुन्हा उभे राहणे, ही खरी वारी आहे. सुश्रुतांनी शोषाच्या कारणांत अध्व म्हणजे अतिचालणे स्वतंत्रपणे मोजले आहे ते उगीच नव्हे.

आता पाय. येथे आम्ही थोडे रेंगाळणार आहोत, कारण संहिताकारही येथे रेंगाळले आहेत. सुश्रुतांच्या क्षुद्ररोगांत तीन विकार असे आहेत की ते वारीच्या वाटेवर बसून लिहिले असावेत असे वाटते. सतत चालणाऱ्याच्या रूक्ष झालेल्या पायांना वायू भेगा पाडतो ती पाददारी. खडा किंवा काटा रुतून जी गाठ बनते तो कदर, म्हणजे आपले कुरूप. आणि दूषित चिखलाच्या संपर्काने बोटांच्या बेचक्या ओल्या होऊन खाज-दाह होतो तो अलस, म्हणजे चिखल्या. यांत वातव्याधीतील वातकंटक मिळवावा. वाकडे पाऊल पडून किंवा श्रमाने घोट्याशी-टाचेशी उठणारी ती कळ. पहिल्या वारीतून परत येणाऱ्यांच्या पायांच्या तक्रारी या चारांतच बहुतेक आटोपतात.

पादाभ्यंगाचे गुण आपणांस सांगणे नको. परंतु तो केव्हा करावा यात आमची स्वतःची चूक झाली. २०२३ च्या वारीत पहिल्या दोन दिवशी आम्ही पहाटे पायांना तिळाचे तेल चोळून वर मोजे चढविले. तेलाने पाय मोज्यात सरकू लागले, त्वचा मऊ पडली आणि पुण्यात शिरेपर्यंत दोन्ही टाचांवर फोड उभे राहिले. दिंडीतील एका सत्तरीच्या आजींनी ते पाहिले आणि त्या हसून म्हणाल्या, "माउली, तेल रात्री लावायचं. सकाळी पाय कोरडा हवा." आम्ही वैद्य आहोत हे तोवर कोणास सांगितले नव्हते, ते बरेच झाले. तेव्हापासून क्रम असा ठेवला : मुक्कामी पोहोचल्यावर पाय धुऊन, बेचक्यांसह कोरडे करून, दहा मिनिटे भिंतीला किंवा सामानाला टेकवून उंच ठेवणे, निजताना तेल, पहाटे तेल पुसून काढणे. टाचांच्या भेगांवर कोकमाचे तेल कोमट करून भरावे. बेचक्यांत तेल नको, तेथे कोरडेपणाच औषध. फोड आल्यास तो फोडू नये. आपसूक फुटला तर त्रिफळा काढ्याने धुऊन जात्यादी तेलाची पट्टी ठेवावी. मधुमेह्याला मात्र यातले काहीही घरगुती सांगू नये. त्याने फोड दिसताच वैद्यकीय पथक गाठावे.

पादत्राण नवे नको. वारीसाठी म्हणून हौसेने घेतलेला बूट हा पहिल्या वारकऱ्याचा सर्वांत मोठा शत्रू होय. जे घालून वैशाख-ज्येष्ठात चाललो तेच घालून निघावे, आणि पिशवीत दुसरा जुना जोड असावा, कारण भिजलेला बूट रात्रीत वाळत नाही.

अनवाणी जाण्याचा प्रश्न राहतो. ज्यांचे पाय आयुष्यभर मातीत वावरले ते शेतकरी अनवाणी चालतात आणि सुखरूप परततात, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. त्यांना अडवू नये. पण ज्याच्या तळव्याला स्पर्श, उष्णता, टोचणी नीट कळत नाही त्याने एक पाऊलही अनवाणी टाकू नये, मग नवस कोणताही असो. नवसाची सोडवणूक वैद्याने करू नये असे आमचे मत आहे. असा रुग्ण आला की आम्ही त्याला त्याच्या दिंडीप्रमुखांकडे पाठवितो आणि सोबत पायांची स्थिती लिहून देतो. ते जुने वारकरी असतात. देवाला काय चालते हे ते आमच्यापेक्षा अधिकाराने सांगतात आणि बहुतेक वेळा पायांत चपला घालूनच रुग्ण परत येतो.

आहाराकडे वळू. दिंडीचे जेवण साधे व बहुधा हितकर असते. भाकरी, पिठले, आमटी, भात. बाधा होते ती वाटेवरच्या प्रेमाने. गावोगावी लोक रस्त्यात उभे राहून चहा, पोहे, शिरा, केळी, लाडू वारकऱ्यांच्या हाती देतात. प्रसादाला नाही म्हणू नये ही नवख्याची समजूत, त्यामुळे पहिले अन्न पचण्यापूर्वी दुसरे पोटात जाते. अध्यशनाचे याहून ठळक उदाहरण आम्ही पाहिलेले नाही. जेजुरीपर्यंत दिंडीतील तिघा नवख्यांचे पोट बिघडले. जुन्यांपैकी एकाचेही नाही. जुने काय करतात ते आम्ही पाहत राहिलो. ते प्रसाद घेतात, कपाळाला लावतात, चिमूटभर तोंडात टाकतात आणि उरलेला मागच्या पोराच्या हातावर ठेवतात! पाणी उकळून गार केलेले, शक्य तर शुंठीसिद्ध; ते न मिळाल्यास बाटलीबंद किंवा टँकरचे निर्जंतुक केलेले. नीरा नदीत स्नान करावे, पण तिचे पाणी पिऊ नये.

आळंदीच्या पालखीची सर्वांत लांब मजल पुणे ते सासवड, तीस किलोमीटरच्या आसपास, आणि तिच्या शेवटाकडे दिवे घाट. ही मजल बहुधा ज्येष्ठ वद्य एकादशीलाच येते. म्हणजे सर्वांत अधिक श्रमाच्या दिवशी उपवास! २०२३ साली तर पाऊसही लांबला होता. चिखल्यांचे औषध आणि इरले घेऊन निघालेले आम्ही उन्हाने भाजून निघालो. पंचांगात कोणताही ऋतू असो, वैद्याने लक्षणांवरून ऋतू ओळखावा, हे त्या घाटात चांगले समजले. त्या दिवशी वाटेवर मिळणारा आहार म्हणजे साबुदाण्याची खिचडी, शेंगदाण्याचे लाडू, तळलेले वेफर्स; गुरू, रूक्ष, तृष्णा वाढविणारे. साबुदाणा ज्यापासून होतो तो कंद मूळचा दक्षिण अमेरिकेतला, संहितांना ठाऊकही नाही. दमट हवेत साठवून ठेवलेल्या भगरीनेही विषबाधा होते. ती ताजी, स्वच्छ, कोरडी असेल तरच घ्यावी.

याला पर्याय चरकाचार्यांनी केव्हाच देऊन ठेवला आहे. त्यांच्या श्रमहर महाकषायातील दहा द्रव्ये आठवावीत : द्राक्षा, खर्जूर, प्रियाल, बदर, दाडिम, फल्गु, परूषक, इक्षु, यव आणि षष्टिक. शेवटची दोन धान्ये वगळली तर उरलेली आठही एकादशीला चालतात. मनुका, खजूर, चारोळी, डाळिंब, अंजीर, फालसा, ऊस. यांतले जे मिळेल ते शबनम पिशवीत ठेवावे. फल्गु म्हणजे अंजीर मानले तर ज्या पुरंदर तालुक्यात आपण घाट चढून प्रवेश करतो तो अंजिरासाठीच प्रसिद्ध आहे. आम्ही त्या दिवशी रात्री भिजविलेल्या मनुका आणि खजूर यांवर घाट चढलो. दमलो खरे, पण चक्कर आली नाही. माथ्यावर धाप लागली असता ती दाबू नये. श्रमश्वासाचा वेग रोखल्याने हृद्रोग आणि संमोह होतो असे वेगविधारणात सांगितलेच आहे. बाजूला उभे राहावे, श्वास आपोआप उतरू द्यावा. छातीत दुखू लागले, डावा हात भरून आला, तर मात्र वाट न पाहता रुग्णवाहिका.

मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्याने या एकादशीचा निर्णय आधी करावयास हवा. उपवास, नेहमीची गोळी आणि तीस किलोमीटर हे तिन्ही एकत्र आले की रक्तातील साखर धोक्याच्या खाली जाऊ शकते. थरथर, गार घाम, गोंधळणे ही लक्षणे घाटात उन्हावर ढकलली जातात. त्या दिवशीची मात्रा कमी करावयाची की कसे, हे त्याचे औषध ज्यांनी सुरू केले त्या चिकित्सकांशी बोलूनच ठरवावे; आपण परस्पर गोळी बंद करू नये आणि तशीच चालूही ठेवू नये. खिशात साखर किंवा गूळ आणि नाव, रोग, औषधे लिहिलेला कागद असावा. शेजारी चालणाऱ्याला हे सांगून ठेवावे.

आणखी एक विषय पुरुष वैद्य टाळतात. दिंडीतील भगिनी दिवसभर पाणी पीत नाहीत. कारण विचारले तर त्या नजर वळवितात. अलीकडे फिरत्या शौचालयांची सोय होते, तरी ती मुक्कामावर अधिक आणि चालत्या वाटेवर विरळ. मूत्रवेग धारण आणि जलत्याग या दोहोंमुळे मूत्रदाह, ज्वर आणि उन्हाचा त्रास घेऊन परतलेल्या स्त्रिया आम्ही दर आषाढात पाहतो. पण वारीपूर्वी त्याविषयी आम्ही कधी बोललो नव्हतो. आता आमच्या पत्नी, त्याही वैद्य आहेत, प्रथमच जाणाऱ्या स्त्रियांना वेगळ्या बसवून हे सांगतात : चौघींनी एकत्र राहावे, विसाव्यावर लाज न धरता जाऊन यावे, पाणी तोडू नये. ज्यांना पाळीच्या दिवसांविषयी विचारावयाचे असते त्यांनाही तेथेच विचारता येते.

दुपारच्या विसाव्यात थोडे निजावे. दिवास्वाप ग्रीष्मावाचून वर्ज्य असला तरी अध्वाने क्षीण झालेल्यांना चरकांनी तो सर्व काळी अनुज्ञात केला आहे. वेळापूरजवळच्या धाव्याविषयीही एक शब्द. तुकोबारायांच्या आठवणीने उतारावरून सारे धावत सुटतात. तेराचौदा दिवस चाललेल्या गुडघ्यांना आणि घोट्यांना तो उतार कठीण जातो. नवख्याने कडेने धावावे. न धावणे कोणाला जमत नाही, आम्हालाही जमले नाही.

आता आम्ही अक्षय्य तृतीयेच्या आठवड्यात पहिल्या वारकऱ्यांसाठी एक सकाळ राखून ठेवतो. औषध अगदी थोडे देतो. वजन, रक्तदाब, रक्तशर्करा झाल्यावर रुग्णाला डोळे मिटावयास सांगून तळव्याच्या दहा ठिकाणी बारीक नायलॉनचा तंतू टेकवितो आणि कोठे लागले ते विचारतो. पादपृष्ठावरील नाडी पाहतो. मनगटाची नाडी आपण आयुष्यभर पाहतो, ही दुसरी मात्र आम्ही पंचेचाळिसाव्या वर्षी नीट पाहावयास लागलो. दुकानदार त्या सकाळी मुद्दाम येतात, बाकावर बसतात आणि कोणी अनवाणी जाण्याची गोष्ट काढली की मोजा काढून पाऊल दाखवितात. ते स्वतः आता दिंडीच्या ट्रकबरोबर जातात आणि मुक्कामी भाजी चिरतात.

आपल्याकडे रुग्ण पायताण दाराबाहेर काढून आत येतो, म्हणून त्याची पादत्राणे वैद्याला कधी दिसतच नाहीत. त्या एका सकाळी आम्ही दारावर पाटी लावतो : चपला-बूट हातात घेऊन आत यावे. यंदा पहिले आले ते निवृत्त शिक्षक होते. बूट कोरा करकरीत होता, आतला कागदही अजून काढलेला नव्हता.